बोसनकाकांचं रंगकाम

खोली बघायला गेले तेव्हा काका दाराच्या चौकटीला नारिंगी रंग देत होते. बाजूची भिंत निळी होती. पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे होते, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मला असतात तसे, आणि आतल्या दिव्यांच्या बटणांच्या पाट्यांभोवती लाल चौकोन काढलेले दिसत होते. मला घेऊन आलेल्या रिक्षावाल्यानं वाटेतच विचारलं होतं, "बोसनाकडे? गॉगल आसा मा?" तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

"भितुर ये," काका ब्रश न थांबवता म्हणाले. "हात लावू नको, ओलो आसा."

मी हात आखडून आत गेले. हे घर नको, असं मनात ठरवूनच गेले होते. मालवणपासून जवळच्या एका कॉलेजात मला वर्षाच्या करारावर कॉम्प्युटर शिकवायचा होता आणि राहायला एक शांत, पांढरी खोली हवी होती. पण मला 'नको' पटकन म्हणता येत नाही. 'हो'सुद्धा येत नाही. मी नुसती उभी राहते आणि समोरचा माणूस माझ्या वतीनं ठरवून टाकतो. काकांनी ठरवलं. "तुका खंयचो रंग होयो?" त्यांनी विचारलं. पांढरा, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं हॉटेलवाला फक्त गरम पाणी मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघतो, आणि म्हणाले, "बरा. पण उंबरठो पिवळो रवतलो. तेच्यात तुझा चलाचा नाय."

सगळा गाव त्यांना बोसन म्हणायचा. बोसन म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आयुष्यभर त्यांनी मालवाहू जहाजांवर तेच केलं होतं. जहाजाचा गंज हातोडीनं ठोकून पाडायचा, घासायचं, रंग द्यायचा. एका टोकाकडून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गंजलेलं असायचं, मग पुन्हा तिथून सुरू. निवृत्त होऊन घरी आले तरी हाताला ती सवय राहिली. घराला ते डेकसारखंच वागवायचे. सकाळी पेज पिऊन झाली की अर्धी चड्डी, डोक्याला फडकं आणि एका हातात डबा घेऊन घराची फेरी मारायची. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि ऐकायचं. "हय फुगलो हा," असं म्हणत तिथं बसायचं.

रंग ते विकत घेत नसत. विकत घेतलेली कुठलीही वस्तू त्यांना घरात परकी वाटायची. "इकत हाडल्यार तुझा काय तेच्यात?" असं ते विचारायचे. पावसाळा सरत आला की किनाऱ्यावर होड्यांना रंग लागतो. त्या दिवसांत ते सकाळीच जाऊन बसायचे, कुणाच्या होडीला दोन हात फिरवायचे आणि डब्याच्या तळाचा उरलासुरला रंग घेऊन यायचे. रेडीच्या बंदरावर त्यांचा जहाजावरचा एक जुना सोबती होता. तोही असेच अर्धे डबे बाजूला ठेवायचा. त्यामुळे भिंतींना कुठला रंग लागणार हे त्या वर्षी होड्यांना काय लागलंय त्यावर ठरायचं. एका भिंतीचा निळा अर्ध्यावर संपला तेव्हा त्यांनी पुढे हिरवा सुरू केला आणि मधल्या रेषेवर सुंभाची दोरी चिकटवून टाकली. ती रेषा मुद्दाम ठेवल्यासारखी दिसू लागली. खरं तर छान दिसू लागली, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझ्या खोलीत पुस्तकं जमिनीवर होती. एके दिवशी दारात आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवलेला दिसला. काका खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओरडले, "घास." मी रविवारभर घासत बसले. लाकडाच्या रेषेच्या उलट घासत होते ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं. "उलटा नको गो, मांजराक उलटा कुरवाळतंस काय?" मग त्यांनी पेट्या एकावर एक आडव्या बसवून दिल्या, करवंटी घासून उचलायला तिची मूठ केली, तेल लावलं. ते शेल्फ आजही माझ्याकडे आहे. मी स्वतः केलेली ती पहिली वस्तू. शाळेत आम्हाला क्राफ्टचा तास होता, पण त्यात सगळं सामान पाकिटातून आणलेलं असायचं.

काकी मात्र या सगळ्याला वैतागलेल्या असायच्या. निदान शेजारपाजारी कुणी आलं की वैतागायच्या. "अवो, ह्या घर आसा काय मासळीबाजार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारीण हसायची. काका म्हणायचे, "मासळीबाजारात गिऱ्हाईक येता. तुझ्या घराक कोण इचारता?" काकी म्हणायच्या, "ह्यांका देवान हात दिल्यान, डोळे देवक इसारलो." त्या बारीक चणीच्या होत्या, चालणं झपझप. स्वयंपाकघरातून विहिरीवर, विहिरीवरून माजघरात, तिथून माडीच्या जिन्यावर. त्यांना दिवसभरात कधी बसलेलं मी पाहिलं नाही. घावणे काढताना तव्याकडे बघतसुद्धा नसत. माझ्याशी बोलत राहायच्या आणि घावणा कडेनं सुटल्याचा आवाज आला की उलटायच्या.

मला माणसांशी बोलता येत नाही, म्हणून मी बघत बसते. बघता बघता काही गोष्टी लक्षात येऊ लागल्या. काकी चहा ओतताना कपाच्या आत बोटाचं टोक धरायच्या. बाहेर ऊन असताना विचारायच्या, "पाऊस इलो काय गो?" टीव्ही लावायच्या, पण तोंड टीव्हीच्या थोडं बाजूला असायचं. एकदा मी स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून पंख्याखाली पडवीत आणलं आणि कॉलेजातून फोन आला म्हणून तिथंच ठेवून खोलीत गेले. मागून काकींचा पाय लागून स्टूल आडवं झाल्याचा आवाज झाला. "मीच धांदरट," त्या म्हणाल्या, गुडघा चोळत. दुसऱ्या दिवशी स्टुलाचे चारही पाय लालभडक झालेले होते. संध्याकाळी शेजारणीसमोर काकी म्हणाल्या, "स्टुलाकय सोडूक नाय, बघ." काका नुसते हसले.

त्या दिवशी मी घर पुन्हा नव्यानं बघितलं. पिवळं होतं ते जिथं पाऊल पडायचं तिथं. नारिंगी होतं तिथं दार. लाल म्हणजे सांभाळून. न्हाणीघराच्या दारावर जुन्या लुगड्याच्या काठाचा पडदा होता, त्याच्या कडेला शिंपल्यांची झालर होती. हात लागला की किणकिणायची. जिन्याच्या कठड्याला दोरी गुंडाळलेली होती आणि शेवटची पायरी जवळ आली की दोरीत एक गाठ होती.

 मला कळलंय हे काकांना कळलं, कारण त्यानंतर मी कधीच काही वाटेत ठेवलं नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी रंगाचे डबे उचलायला म्हणून मी त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. एका होडीच्या सावलीत बसून ते उरलेला निळा रंग एका डब्यातून दुसऱ्यात ओतत होते.

"गोव्याक मोठ्या डॉक्टराक दाखवलंय," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "डोळ्याची नस सुकत चल्ली हा. गेला ता गेला. रवला ता औषधान सांबाळूचा." रंगाची शेवटची धार पडेपर्यंत त्यांनी डबा तसाच धरून ठेवला. "तिना माका एकच सांगल्यान. विनूक कळूक नको. कळला तर तो मुंबयक व्हरतलो."

विनू म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. डोंबिवलीच्या पुढे कुठं तरी, उंच इमारतीत घर. आईवडिलांवर जीव होता त्याचा. दर रविवारी न चुकता फोन करायचा.

"आणि काकींना जायचं नाही," मी म्हणाले.

"तिका थय जावचा नाय. मरान गेल्यार व्हरा म्हणता." ते उठले, गुडघे झटकले. "तिका कोणी कीव केलेली आवडणा नाय. माजी पण नाय. म्हणान मी रंगवतंय आणि ती गाळी घालता. चलता तसा."

मला आधी वाटलं होतं, या दोघांचं पटत नाही.

गणेशचतुर्थीच्या आधी काकींच्या इन्सुलीच्या भावानं नवं घर बांधलं होतं. त्याच्या घरभरणीला दोघं गेले आणि भावानं आग्रह केला म्हणून चार दिवस राहिले. मीही सुट्टी जोडून घरी जाऊन आले. मी परतले त्या दुपारी फाटकातूनच काही तरी वेगळं वाटलं. घर दिसेना. म्हणजे घर होतं, पण माझे डोळे ज्याला घर म्हणायला शिकले होते ते नव्हतं.

विनूदादा खळ्यात उभा होता. चवथीला यायचा तो बायको-मुलीला घेऊन लवकर आला होता. आईवडील घरी नाहीत हे साधून त्यानं कणकवलीहून रंगारी बोलावले होते. आतून बाहेरून सगळं घर ऑफव्हाइट. चौकटी ऑफव्हाइट, पायऱ्या ऑफव्हाइट. दोऱ्या काढून टाकल्या होत्या. न्हाणीघराला प्लास्टिकचं सरकतं दार आलं होतं. माजघरात दाराला लागूनच नवा सोफा होता.

"सरप्राइज आहे," तो मला म्हणाला. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. "बाबा किती वर्षं उन्हात रंगवत बसणार? यावेळी त्यांना हातात ब्रश धरू द्यायचा नाही. कसं वाटतंय?"

"छान आहे," मी म्हणाले. आणि ते छान होतं. मला पहिल्या दिवशी जसं हवं होतं अगदी तसं ते घर झालं होतं.

मी खोलीत जाऊन दार लावलं आणि काकांना फोन केला. मी स्वतःहून फोन सहसा करत नाही.

"काका, विनूदादानं घर रंगवलंय. पांढरं."

पलीकडे भांडी वाजत होती. "सगळा?"

"सगळं. दोऱ्या पण काढल्यात. आणि माजघरात वाटेतच सोफा आहे, दारातून आत आलं की लगेच."

"डावीकडे काय उजवीकडे?"

"उजवीकडे."

"बरा," ते म्हणाले. "बरा केलंस."

संध्याकाळी रिक्षा आली. काका आधी उतरले. मी पडवीच्या टोकाला उभी होते. आजवर मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"अगो, बघ काय केल्यान तुज्या झिलान! काय तो रंग! ह्यो बघ खळ्यातलो दगड, तेका पण लायल्यान. ही पायरी. ही दुसरी. तिसरी बघ कशी लोण्यासारखी. उंबरठो बघ गो, उंबरठो! आणि सोफो हाडल्यान, उजवीकडे, हय, दाराक लागान." ते दोन पावलं पुढे, तोंड मागे वळवून, जहाज धक्क्याला लावताना माणसं ओरडून सांगतात तसे बोलत होते. काकी त्यांच्या आवाजामागून आल्या. पाय कुठंही अडला नाही. सोफ्याशी थांबून त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

"पुरे, दिसता माका," त्या म्हणाल्या. "चांगलो आसा हो, विनू."

विनूदादाचा ऊर भरून आला होता. बाबा भांडतील, अशी त्याची तयारी होती. बाबा एकेका पायरीचं कौतुक करत होते. त्याची बायको मला हळूच म्हणाली, "हे उगीच घाबरत होते."

पुढचे दोन दिवस काका घरात सतत बडबडत होते. सुनेला वाटलं, रंगाचा आनंद झालाय. मी ऐकत होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यात कुठली तरी वस्तू आणि तिची जागा असायची.

चवथीच्या आदल्या दिवशी ते सांभाळता आलं नाही. त्या भागात गणपती बसतो त्याच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढतात. त्या घरात ते काकी काढायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून. मी राहायला आले तेव्हा मागच्या वर्षीचं चित्र भिंतीवर होतं, त्याच्या चारी बाजूंना काकांनी दोरीची चौकट ठोकली होती. ती आता नव्हती.

"आये, सगळी भिंत तुका मोकळी करून दिलंय," विनूदादा म्हणाला. ब्रश त्यानंच आईच्या हातात दिला. सगळे बसले बघायला.

काका म्हणाले, "औंदा मी काडतंय." सून हसली. "बाबा, तुम्हाला ब्रश द्यायचा नाही असं ठरलंय."

काकींनी डावा हात भिंतीवर टेकला आणि काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, लावलेला ब्रश उजव्या हातानं वर नेला. झाड आलं. सुंदर आलं. खोड, फांद्या, पानं, डावा हात पुढे पुढे सरकत होता आणि उजवा त्याच्यामागून जात होता. मग त्या मोराकडे वळल्या. डावा हात झाडाच्या कडेवर ठेवून त्या थांबल्या होत्या.

"आई, ओलं आहे, हात भरेल," सून म्हणाली. उठली, आणि सासूचा तो हात मायेनं भिंतीवरून काढून आपल्या पदराला पुसला.

काकींचा हात परत भिंतीवर गेला तेव्हा तो दुसरीकडे टेकला. मोर झाडाच्या खोडातून निघाला. त्याची मान फांदीत गेली, पिसारा पानांवर पसरला.  नात म्हणाली, "आजी, मोर झाडाच्या आत का आहे?"

"माका तसोच होयो होतो," काका म्हणाले. "मीच सांगलंय तिका. लपलेलो मोर."

"अवो, पुरे आता," काकी म्हणाल्या. त्यांनी ब्रश खाली धरला. जमीन चाचपून ठेवला. "विनू, माका दिसणा नाय रे."

"चष्म्याचा नंबर..."

"चष्म्यान जावचा न्हय ता. तुज्या बापाशीक म्हायत आसा. ह्या चेडवाकय म्हायत आसा." मला कळलंय हे त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

विनूदादा खाली बसला. "कधीपासून?"

"तुज्याकडे इल्लंय तेच्या आदीपासून."

"महिनाभर होतीस तू आमच्याकडे. आम्हाला काहीच कसं..."

"कळात कसा?" काकींच्या आवाजात राग नव्हता. मला कुळथाची पिठी कशी करायची ते सांगताना बोलायच्या तशाच त्या बोलत होत्या. "तुमी माका सोफ्यार बसवलास. चाय हातात दिलास. ताट फुड्यात ठेवलास. उठाक गेलंय तर बस गो आये, आमी आसो मा, म्हणालास. बसलेल्या माणसाक दिसता काय नाय, ता कोणाक कळता?"

सूनबाईचा हात अजून काव लागलेल्या पदरात होता.

"म्हणून तर तिकडे चला," विनूदादा म्हणाला. "मी उद्याच तिकिटं बघतो. इथं बाबा एकटे काय काय..."

"तू बघ," काकी म्हणाल्या. "पण आदी चवथ होवंदे."

त्या रात्री काका विनूदादाला रागावले नाहीत. रंगाबद्दलही नाही. ते चित्र पुसायचं का, असं सुनेनं विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "हात लावू नको." दुसऱ्या दिवशी गणपती त्याच चित्रासमोर बसला. आरतीला आलेली माणसं मोराकडे बघायची, मग बोसनाकडे. काका प्रत्येकाला वेगळं काही सांगायचे. एकाला म्हणाले, पाऊस लागलो म्हणान भितुर गेलो. दुसऱ्याला म्हणाले, रंग कमी पडलो, दोघांक एकाच जाग्यार बसवलंय.

 विनूदादा त्या दिवसांत आईकडे बघत होता. बघणारी माणसं मला ओळखू येतात. काकी मोदकांचं सारण घेऊन विहिरीकडच्या दारानं शेजारी जायच्या तेव्हा तो पडवीत यायचा. त्या परत येईपर्यंत तिथंच थांबायचा, मदतीला पुढे न होता. एकदा त्यानं सोफा एकट्यानं ओढत नेऊन भिंतीला लावला. एकदा काका तुळशीकडे उभं राहून नुसतंच मोठ्यानं म्हणत होते, "बादली हय आसा, कळशी तेच्या बाजूक," आणि त्याच्या लक्षात आलं की बाबा हे कुणासाठी म्हणतायत. दोन दिवस आधी तो त्याच बडबडीवर खूश झाला होता. तो आत निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तिकिटांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

विसर्जन झालं, आणि निघायची सकाळ आली. गाडीत सामान भरलं. विनूदादा खळ्यात काकांसमोर उभा राहिला. इतके दिवस माझ्याशी आणि बायकोशी तो पुस्तकी मराठीत बोलत होता. त्या वेळी म्हणाला, "बाबा, फुडच्या खेपेक येताना काय हाडू?"

काकांनी पडवीकडे बघितलं. "काय नको. फक्त चपलो दारात सोडू नको. तिच्या वाटेत येतत."

तो वळला. पडवीच्या तोंडाशी त्याचे बूट, मुलीच्या चपला, बायकोच्या सँडल उलटसुलट पडल्या होत्या, पाहुणे आलेल्या घरात पडतात तशाच. तो खाली बसला आणि एकेक जोड उचलून भिंतीच्या कडेला लावत गेला. मुलीची एक चप्पल आत सोफ्याखाली गेली होती, तीसुद्धा शोधून आणली. मग बाजूला झाला.

आतून काकी आल्या. पदराला हात पुसत, नेहमीच्या चालीनं, मोकळ्या झालेल्या दारातून सरळ पायऱ्या उतरल्या आणि गाडीच्या खिडकीपाशी येऊन थांबल्या.

"पोचल्यार फोन कर," त्या म्हणाल्या.